आधी जेवणघर बघा, मग खोली: पुण्याजवळच्या एका स्मृतिभ्रंश केंद्रातला अनुभव

पुण्यात पेठेत माझी खानावळ होती. तीस-पस्तीस वर्षं मेंबरांना दोन्ही वेळ जेवू घातलं. शिकायला आलेली मुलं, प्रेसमधले कामगार, बदली होऊन आलेले बँकवाले, बायको गेल्यावर एकटे राहिलेले आजोबा, सगळे यायचे. आमची ही बरोबरीनं उभी असायची. आमटीची चव आणि वाढप ही दोन खाती तिचीच. आता तिला अल्झायमर्स आहे आणि ती शहराबाहेर, सिंहगडाच्या बाजूला, स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या एका निवासी केंद्रात राहते. बहुतेक दुपारी जेवणाच्या वेळेला मी तिथे असतो.

केंद्राचं नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, शिवाय तिथल्या माणसांच्या वागण्याबद्दल लिहायचं आहे आणि त्यांची ओळख कुणाला पटू नये. पण घरच्या कुणासाठी अशी जागा शोधणाऱ्या माणसाला काय बघायचं हे कळायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शोधणारी घरं काही थोडीथोडकी नाहीत.

केंद्र बघायला येणारे लोक खोली बघतात, बाथरूममधले दांडे बघतात, कॅमेरे कुठे आहेत ते विचारतात. हे सगळं बघावंच. पण माझं सांगणं असं की दुपारी सव्वाबाराला जा आणि जेवणघराच्या दारात तासभर उभे राहा. तिथे किती माणसं कामाला आहेत, त्यांना किती शिकवलंय, कुणाच्या अंगात किती धीर आहे आणि रहिवाशांना माणूस म्हणून वागवतात की नाही, हे सगळं त्या तासात दिसतं.

या केंद्रात दुपारची व्यवस्था फार चांगली आहे. तीसेक रहिवासी आहेत आणि दोन पंगती होतात. पहिली बाराला, ज्यांना भरवावं लागतं त्यांची. दुसरी पाऊणच्या सुमाराला, हातानं खाणाऱ्यांची. साधीशी गोष्ट वाटेल, पण ज्यानं वाढप सांभाळलंय त्याला यातलं शहाणपण कळेल. सगळे एकदम बसवले की भरवणाऱ्या मावशीचा एक डोळा शेजारच्या टेबलावर राहतो, तिकडे कुणी पाणी सांडलं की ती उठते, आणि इकडे आजींच्या तोंडातला घास तसाच राहतो. पहिल्या पंगतीला एका मावशीकडे दोनच माणसं असतात. त्यांच्याशेजारी ती स्टुलावर बसते, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर. उभ्यानं भरवणारी मावशी मला दुपारी कधी दिसली नाही. उभ्यानं भरवलं की जेवणाऱ्याला मान वर करावी लागते, आणि मान वर करून गिळताना घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. या आजारात न्यूमोनिया होण्याचं ते मोठं कारण असतं.

त्यांची भरवण्याची रीत बघत राहावी अशी आहे. आधी घास डोळ्यांसमोर धरतात. "वरणभात आहे हं काका, तूप घातलंय." मग चमचा खालच्या ओठाला हलकेच टेकवतात. तोंड उघडलं की घास. मग थांबतात. गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसली की मगच पुढचा. काही जण घास गालात धरून ठेवतात. चावायचं आणि गिळायचं ही क्रिया कधी सुरू करायची हेच मेंदू सांगत नाही. अशा वेळी मावशी रिकामा चमचा पुन्हा ओठाला लावते किंवा गालावरून बोट फिरवते, आणि गिळलं जातं. एका माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवण झाल्यावर अर्धा तास कुणालाही आडवं होऊ देत नाहीत. आमच्या धंद्यात पान किती लवकर उठतं यावर कमाई असायची. इथे मावशीच्या थांबण्यावर सगळं चालतं, आणि महिन्याच्या पैशांतला मोठा भाग मी त्या थांबण्यासाठीच देतो असं मला वाटतं.

दुसऱ्या पंगतीला प्रत्येक टेबलावर केंद्राचं एक माणूस स्वतःचं ताट घेऊन जेवायला बसतं. देखरेख करत उभं राहत नाही, जेवतं. समोरचा पोळीचा तुकडा मोडतो, भाजीला लावतो, तोंडात घालतो, हे बघून पुढ्यातल्या अन्नाचं काय करायचं ते यांना आठवतं. एक निवृत्त इंजिनिअर आहेत. एकटे बसवले तर ताटाकडे बघत राहतात. समोर कुणी जेवू लागलं की त्यांचा हात आपोआप चालू लागतो. पंगतीत माणूस दोन घास जास्त जेवतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण ते इतकं उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आता आमच्या हिचं सांगतो, कारण या केंद्रावर माझा जीव जडला तो त्यामुळेच.

ती आली तेव्हा जेवायला बसतच नसे. खुर्चीवर बसवलं की उठायची, टेबलांमधून फिरायची, कुणाच्या ताटात डोकावायची, कुणाची वाटी उचलायची. बाकीचे चिडायचे. एका बाईंनी तिला ढकललंही. आधीच्या एका ठिकाणी, तेही नाव मी सांगत नाही, तिला पुढे फळी असलेल्या खुर्चीत अडकवून बसवत आणि भरवत. ती तोंड घट्ट मिटून घ्यायची, वजन उतरत चाललं होतं. कागदावर त्यांनी शेरा मारला होता, 'आहारास विरोध करते.'

इथल्या मुख्य सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "काका, घरी काकू कधी जेवायच्या?" मी म्हटलं, सगळे मेंबर जेवून गेल्यावर, शेवटी. अडीच-तीन वाजायचे. पंगत चालू असताना ती आयुष्यात कधी बसली नाही. सिस्टर म्हणाल्या, "मग आत्ताही त्या कामावरच आहेत."

दुसऱ्या दिवसापासून हिच्या हातात एक ताटली आली. त्यात लिंबाच्या फोडी. ती प्रत्येक पानात डाव्या बाजूला, मिठाच्या जागेशेजारी, एक एक फोड ठेवत जाते. जागा चुकत नाही. माझं नाव तिला आठवत नाही, मुलीला ती बहीण समजते, पण लिंबू पानाच्या कुठल्या बाजूला वाढायचं हे तिचा हात विसरलेला नाही. सगळ्या टेबलांची फेरी झाली की एक मावशी तिला म्हणते, "काकू, सगळे जेवले. आता तुम्ही बसा." आणि ती बसते. पदर सावरते, पाणी मागते, जेवते. पूर्ण जेवते. फळीची खुर्ची नाही, जबरदस्ती नाही, झोपेचं औषध नाही. वजन उतरायचं थांबलं आणि नंतर थोडं वाढलंही.

हे लिहिताना मला भरून येतं. तिचं वागणं रोगाचं लक्षण म्हणून नुसतं कागदावर न उतरवता, ती बाई काय करू पाहते आहे असा प्रश्न कुणाला तरी पडला. एवढ्यासाठी मी या केंद्राला आणखी दहा गोष्टी माफ करीन.

असं इतरांच्या बाबतीतही आहे. एक आजी पोळ्या पदरात बांधून ठेवतात. मुलं शाळेतून यायची आहेत, त्यांना काय देऊ, म्हणतात. त्यांच्याकडून पोळ्या हिसकावत नाहीत. मावशी त्यांना झाकणाचा डबा देते, त्यात दोन पोळ्या त्यांनी स्वतः ठेवायच्या, डबा ओट्यावर, आणि मग त्या निश्चिंत होऊन आपलं जेवतात. आणखी एका आजींची रोज एकादशी असते. आज सोमवार आहे, आज द्वादशी आहे, असं सांगून काही उपयोग नसतो, उलट त्या रडवेल्या होतात. त्यांच्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी तयार असते, सोबत कधी रताळं. साखर असल्यामुळे किती द्यायचं ते आहारतज्ज्ञ बघतात. आणि त्यांचा उपास संध्याकाळपर्यंत सुटलेला असतो, तेव्हा रात्री वरणभात चालतो.

एक काका ताटाला हातच लावत नसत. "माझ्याकडे पैसे नाहीत, मला जेवायला नको." त्यांना हे हॉटेल वाटतं. खिशात पाकीट नाही, मग जेवायचं कसं? माणूस आयुष्यभर स्वाभिमानानं जगलेला. मी घरून जुन्या खानावळीची कुपनं आणून दिली, गुलाबी कागदाची, वर आमचा शिक्का असलेली. आता बसताना केंद्रातला मदतनीस मामा त्यांच्या हातात एक कुपन देतो आणि म्हणतो, "महिन्याचे पैसे भरलेत तुम्ही." ते कुपन ताटाशेजारी ठेवतात आणि व्यवस्थित जेवतात. जेवण झाल्यावर मामा ते परत घेतो, उद्यासाठी.

हातानं खाण्याबद्दल मला विशेष सांगायचंय. या आजारात काटा-चमचा कसा धरायचा हे आधी विसरतं. परदेशात अशा माणसांसाठी हातात धरून खाता येईल असे पदार्थ मुद्दाम तयार करतात. आपल्याकडे ते आधीपासूनच आहेत. या केंद्रातला आचारी मूळचा साताऱ्याकडचा आहे आणि त्याला याची चांगली जाण आहे. तूपगुळाची पोळी गुंडाळून देतो, थालीपिठाचे चतकोर, मऊ धिरडी, इडलीचे चार तुकडे, दुधीचे मुटके. भात असेल तेव्हा वरण घालून, नीट कालवून, ताटाच्या कडेला घास लावून ठेवतात. बोटांना उचलायचं तेवढं माहीत असतं. बोटांना भाताची ऊब लागली, तूप लागलं, की हात तोंडाकडे जातो. काही नातेवाईक तक्रार करतात की आईला चमचा का देत नाही, हात बरबटतात. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की बरबटू द्या, नंतर पुसता येतात.

ज्यांचा हात अर्ध्यावर थांबतो त्यांच्यासाठी मावशी आपला हात त्यांच्या हाताखाली धरून घास वर नेतात. ही पद्धत टीपा स्नो या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं खूप ठिकाणी शिकवली आहे. आपला हात खाली, त्यांचा वर. भरवलं जातंय असं न वाटता आपणच खातोय असं वाटतं, आणि तोंड आपोआप उघडतं.

ताटांचा मात्र वाद झाला. सुरुवातीला तिथे पांढऱ्या मेलामाइनच्या थाळ्या होत्या. पांढऱ्या थाळीत पांढरा भात, शेजारी दही, खाली फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ. एक बाई सगळा वेळ त्या छापलेल्या फुलांना चिमटीत धरायचा प्रयत्न करायच्या आणि भात तसाच. अल्झायमर्समध्ये नजरेला रंगातला, उजेड-अंधारातला फरक कमी कळतो. चष्म्याच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २००४ सालचा निबंध मला समजावून सांगितला. पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटं-पेले दिल्यावर आजार पुढे गेलेल्या रुग्णांचं खाणं २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. भडक निळ्यानंही तसाच फरक पडला, फिकट रंगांनी फारसा नाही. प्रयोग नऊच माणसांवर झाला होता, तेव्हा त्याचा डांगोरा पिटू नये. पण करून बघायला लागतंच काय?

व्यवस्थापनानं आढेवेढे घेतले, मग गणपतीत उत्तर आपोआप मिळालं. त्या दिवशी केळीच्या पानावर पंगत झाली. हिरव्या पानावर भाताची पांढरी मूद, वर पिवळं वरण, लाल भोपळ्याची भाजी. जी मंडळी अर्धं ताट टाकायची त्यांनी भात पुन्हा मागितला. मावशींनाही ते दिसलं. सणाचा उत्साह होता, गोड होतं, हे धरूनही फरक नजरेत भरण्यासारखा होता. एका आजोबांनी पानच फाडून खायला घेतलं तेवढं एक लक्ष ठेवावं लागलं. त्यानंतर महिन्याभरात गडद निळी, उभ्या काठाची ताटं आली आणि टेबलक्लॉथ गेलं. काठ उभा असल्यामुळे घास काठाला टेकून बोटांत येतो, बाहेर सांडत नाही.

भरलं ताट एकदम पुढ्यात ठेवत नाहीत, हेही मला पटलं. चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, भात, पोळी यांनी भरलेलं पान म्हणजे माझ्या धंद्याची शान. पण इथे ते बघून माणूस गोंधळतो, कुठून सुरुवात करू ते कळत नाही, मग पाणी आमटीत ओततो किंवा सगळं बाजूला सारतो. म्हणून आधी पोळीभाजी, ती संपली की भात. गोड शेवटी. गोड आधी दिसलं तर बाकी सगळं राहतं, कारण या आजारात पुष्कळांची गोडाची ओढ वाढते.

टीव्ही जेवणाच्या वेळी बंद. स्टीलची भांडी धुण्याचं काम पंगत उठल्यावर. हे दोन्ही नियम पाळले जातात, मी खात्री केली आहे. पातेल्यांचा खणखणाट झाला की निम्मी पंगत दचकते आणि एक-दोघं उठून चालायला लागतात. जेवणघराच्या कोपऱ्यात माशांची काचेची पेटी आहे. ती शोभेची नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये अशा पेट्या ठेवून ६२ रुग्णांचं खाणं मोजलं होतं आणि ते साधारण २१ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं होतं. इथे कुणी मोजमाप केलेलं नाही. पण फिरत राहणारे दोन काका त्या पेटीसमोरच्या टेबलावर बसून राहतात, हे रोज दिसतं.

चवीबद्दल माझं मत विचाराल तर दुपारचं जेवण उत्तम. पथ्याच्या नावाखाली बेचव करत नाहीत. या आजारात वास लवकर कमी होतो, त्यामुळे अळणी अन्न म्हणजे यांच्यासाठी काहीच नाही. आचारी वरणाची फोडणी जेवणघराच्या शेजारच्या ओट्यावर, पंगत बसायच्या थोडं आधी देतो. हिंग-जिऱ्याचा वास ज्यांना येतो त्यांना येतो; बाकीच्यांना ती चर्र आवाजाची खूण पुरते. माणसं आपण होऊन जेवणघराकडे वळतात. एकदा मी त्याला विचारलं की फोडणी आतच का करत नाही. तो म्हणाला, "आत केली तर मला कळंल. ह्यांला कसं कळायचं जेवान झालंय ते?"

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

रात्रीचं जेवण साडेसहाला वाढतात. कारण पाळी सातला बदलते. दिवेलागणीची वेळ या आजारात सगळ्यात अवघड असते. दिवसभर शांत असलेली माणसं त्या वेळी बेचैन होतात, घरी जायचंय म्हणतात, दार शोधतात. नेमकी त्याच वेळी पंगत, आणि मावशींचं एक लक्ष घड्याळाकडे. मी काही संध्याकाळी मुद्दाम थांबलो. दुपारी जी मावशी गळ्याची घाटी बघून पुढचा घास देते तीच संध्याकाळी घाईत असते. तिचा दोष नाही, तिची शहरात जायची बस असते. पण ताटं अर्धी परत जातात आणि मग दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत तेरा-चौदा तास पोटात काही नाही. ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी हे धोक्याचं आहे. मी लेखी मागणी केली की साडेपाचला पेज किंवा सूप, जेवण साडेसातला आणि झोपताना दूध. दूध सुरू झालं. वेळ अजून बदललेली नाही.

दुसरी तक्रार मिक्सरची. ज्यांना चावता येत नाही त्यांना पातळ-मऊ अन्न लागतंच, आणि ते किती मऊ, किती घट्ट, हे गिळण्याच्या तज्ज्ञानं ठरवायचं असतं. त्यासाठी आता जगभर ० ते ७ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पण रात्री मनुष्यबळ कमी असलं की वरण, भात, भाजी, पोळी सगळं एकत्र फिरवून एक करड्या रंगाचा गोळा करतात. मी तो चाखून बघितला. कुठलाच पदार्थ ओळखू येत नाही. दुपारी हेच अन्न वेगवेगळं मऊ करून देतात: मऊ खिचडी, भोपळ्याचं भरीत, घट्ट वरण. ज्यांना साधं पाणी ठसकतं त्यांना तज्ज्ञाच्या सल्ल्यानं पाणी घट्ट करून देतात. दुपारी जमतं ते रात्री का जमू नये?

गोळ्यांचंही एकदा झालं. एका आजींच्या गोळ्या कुटून शिऱ्यात घालायचे. शिरा कडू लागला आणि त्यांनी शिरा कायमचा सोडला, जो त्या एरवी आवडीनं खायच्या. शिवाय काही गोळ्या शरीरात हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात, त्या कुटायच्याच नसतात. त्यांच्या मुलानं डॉक्टरांशी बोलून औषधं बदलून घेतली, काही पातळ स्वरूपात मिळाली. आता जेवणात औषध मिसळायचं नाही असा नियम लावलाय. तो आधीपासून असायला हवा होता.

रविवारी माणसं कमी असतात. भेटायला येणारे नातेवाईक भरवतील असं गृहीत धरलेलं दिसतं. सगळ्यांकडे कुणी येत नाही. आणि जे येतात त्यांना भरवायचं कसं हे कुणी दाखवलेलं नसतं. बिस्किटं, वेफर्स, सामोसे घेऊन येतात, प्रेमानं कोंबतात. आपल्याकडे आग्रह करून वाढणं हे प्रेमच; मी स्वतः आयुष्यभर केलं. पण इथे तोंड मिटलेलं असेल तर थांबायचं, वीस मिनिटांनी पुन्हा विचारायचं. नवीन नातेवाइकांना केंद्रानं एक तास बसवून एवढं शिकवावं, अशी माझी सूचना आहे.

एका बाबतीत केंद्राच्या डॉक्टरांचे आभार मानायला हवेत. एक आजोबा इस्पितळातून नाकात नळी घालून परत आले. ती उपटू नये म्हणून हात बांधलेले. घरच्यांना वाटत होतं, नळी काढली तर उपाशी मरतील, आपण पाप करतोय. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं की आजार शेवटच्या टप्प्यात असताना नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१४ मध्ये अशा रुग्णांना नळीऐवजी हातानं, सावकाश भरवण्याचीच शिफारस केली आहे. निर्णय घरच्यांनी घेतला. नळी निघाली, हात सुटले. ते फार खात नसत, दोन-चार चमचे पेज, कधी आंब्याचा रस. पण ते तोंडानं खात होते आणि शेजारी मुलगी बसलेली असायची.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजन करतात आणि मागितलं की वही दाखवतात. कुठलंही केंद्र बघायला गेलात तर ही वही मागा. दाखवायला कां-कूं केलं तर तिथून निघा.

पैसे महिन्याला ४० हजारांच्या वर जातात, डायपर आणि औषधं वेगळी. सगळ्यांना परवडणारं नाही, आणि मलाही खानावळीची जागा विकली म्हणून परवडतं. दुपारच्या जेवणघराला मी पाचपैकी पाच देईन, रात्रीच्याला दोन. हिला इथून हलवायचा माझा विचार नाही. पाळीची वेळ बदलेपर्यंत व्यवस्थापनाच्या मागे लागणं मी सोडणार नाही, आणि आणखी चार-पाच घरं माझ्याबरोबर सहीला तयार झाली आहेत.

बघायला जायचं असेल तर सकाळी फोन करून जा, पण जेवणाच्या वेळेलाच येऊ द्या असा आग्रह धरा. आधी ते अकराची वेळ देतात. नातेवाइकांना तिथे पैसे भरून जेवता येतं, आदल्या दिवशी सांगावं लागतं. वेगळ्या टेबलावर बसू नका. आपल्या माणसाच्या समोर बसा, तेच ताट घ्या, आणि सावकाश जेवा.